चौथी भिंत नसलेल्या घराबाबत

प्रति,
मा. प्रमुख समुपदेशक,
कौटुंबिक न्यायालय,
दुसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोरची खोली.

विषय : माझ्या भाचीच्या ताब्याच्या प्रकरणात आपल्या गृहभेट अधिकाऱ्यांनी माझं घर सोडून भलतंच घर तपासल्याबाबत, आणि त्यानंतर दुसरंही भलतंच तपासल्याबाबत.

संदर्भ : १) गृहभेट अहवाल पहिला (माझ्या घराचा, असं त्यात म्हटलंय). २) गृहभेट अहवाल दुसरा (मुलीच्या वडिलांच्या घराचा, असं त्यातही म्हटलंय). ३) येत्या एक तारखेपासून मुलीला वडिलांकडे पाठवावं ही आपली शिफारस, जी मला मान्य नाही.

महोदया,

आदरपूर्वक आणि शक्य तितकं सरळ बसून लिहितो, ते असं.

१. मी नाटकवाल्यांना सामान भाड्याने देतो. पलंग, सिंहासनं, तुरुंगाचे गज, दवाखान्याच्या खाटा, कापडाची झाडं, आणि मागितली तर अख्खी घरं. अख्खं घर म्हणजे लाकडी चौकटींवर कापड ताणून रंगवलेल्या भिंती, त्यात बसवलेली दारं-खिडक्या आणि आतलं फर्निचर. लोक मला सामानवाले मामा म्हणतात. यातलं मामा हे नातं खरं आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय दहा, जिला आपल्या कागदात 'सदर बालिका' आणि आमच्याकडे गोटी म्हणतात, तिचा मी सख्खा मामा. बहीण आजारपणात गेली तेव्हा गोटी तीन वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे माझे भावोजी, "जरा सावरलो की नेतो" म्हणाले आणि तिला माझ्याकडे ठेवून दुसऱ्या शहरात नोकरीला गेले. आता ते सावरलेत. या शहरात परत आलेत, भाड्याच्या जागेत राहतात आणि मुलगी मागतात. सावरायला वेळ लागला याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाचं काही सांगता येत नाही. माझी तक्रार आपल्या कार्यालयाबद्दल आहे.

२. आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. कुठलंही घर बाहेर पाठवायच्या आधी ते गोदामात एकदा पुरतं उभं करून बघायचं. भिंती जोडायच्या, दिवे लावायचे, खुर्च्या मांडायच्या, आणि नटांच्या जागी कुणालातरी उभं करून प्रकाश तोंडावर पडतो का ते बघायचं. हे न करता एकदा मी राजवाडा पाठवला होता. त्याचं दार गोदामातच राहिलं आणि त्या प्रयोगाला महाराज खिडकीतून चढून दरबारात आले. लोकांना फार आवडलं, पण महाराजांचा गुडघा गेला. तेव्हापासून उभं करून बघितल्याशिवाय मी घर सोडत नाही.

आपले गृहभेट अधिकारी (यापुढे 'साहेब') आले त्या दुपारी गोदामात जे उभं होतं, त्याची मागणी एका नाटक मंडळीने 'दारुड्याचं घर' अशी नोंदवली होती. माझं राहायचं घर गोदामाच्या वर आहे. जिना जुन्या कोटांच्या रांगेमागून जातो. साहेबांना कोट दिसले. जिना दिसला नाही.

३. साहेबांनी दार वाजवलं. ते नाटकातलं दार होतं. दोन्ही बाजूंनी मोकळी जागा होती, सहज वळसा घालून येता आलं असतं, पण साहेब सभ्य आहेत, त्यांनी दारच वाजवलं. मी आतून "या" म्हणालो. त्यांनी नाटकातल्या पायपुसण्याला बूट पुसले आणि नाटकातल्या खुर्चीत बसले. मी म्हणालो, "साहेब, आपण वर बसू या का?" ते म्हणाले, "मी विचारीन तेवढंच बोला." मी म्हणालो, "पण साहेब, हे घर जरा—" ते म्हणाले, "घर कसं आहे ते मला दिसतंय."

मी आणखी एकदा तोंड उघडलं. त्यांनी पेन वर केलं, शाळेतले मास्तर छडी वर करायचे तसं. मग मी गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, गप्प बसल्यावर मला मजा यायला लागली.

४. आता अहवालातले मुद्दे घेतो. अवतरणातली वाक्यं साहेबांची, उत्तरं माझी.

"घराला एका बाजूस भिंतच नाही. बालिकेची सुरक्षितता धोक्यात." महोदया, त्या बाजूला प्रेक्षक बसतात. तिथे भिंत घातली तर नाटक कुणाला दिसणार? साहेब त्याच उघड्या बाजूकडे तोंड करून बसले होते, समोर माझा टेम्पो उभा होता आणि टेम्पोत माझा ड्रायव्हर डबा खात होता. ड्रायव्हरचं म्हणणं, इतकं रंगलेलं काम त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"पलंगाचा पाय मोडलेला. विचारता, अर्जदाराने तो मुद्दाम मोडल्याचे कबूल केले." केलंच. दारुड्याचा पलंग धड कसा असेल? तो पाय सुताराकडून तीनदा मोडून घेतला, तेव्हा कुठे मनासारखा मोडला.

"घरात मद्याच्या बाटल्या आढळल्या." त्यात कोरा चहा आहे. साहेबांनी बाटली नाकाला लावायला हवी होती. मी देऊ केली होती, ते रागावले. तेही अहवालात आहे, 'अधिकाऱ्यास मद्य देऊ केले' असं.

"फ्रिजमध्ये अन्नाचा कण नाही. आत एक स्त्री आढळली." हे वाक्य साहेबांनी लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि तो कागद आपल्या टेबलापर्यंत आला, तरी वाटेत कुणाला त्या स्त्रीची चौकशी करावीशी वाटली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. नाटकातल्या फ्रिजला पाठ नसते, उचलायला जड होऊ नये म्हणून. साहेबांनी दार उघडलं तेव्हा पलीकडे आमच्या शिवणवाल्या मावशी मशीनवर बसलेल्या होत्या. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. साहेबांनीही मान हलवली आणि हळूच दार लावून घेतलं. या मावशींनी गोटीला लहानाचं मोठं केलंय. माझ्याइतकंच, कदाचित काकणभर जास्तच. अहवालात त्यांचा उल्लेख एवढाच.

"बालिका फाटक्या फ्रॉकमध्ये वावरत होती. गालावर माराचा वण. विचारता तिने तो पुसून लपवण्याचा प्रयत्न केला." दारुड्याच्या मुलीचं काम करणारी पोर गोटीच्याच अंगाची आहे, म्हणून मावशी तो फ्रॉक गोटीला घालून बघत होत्या. वण रंगाचा. प्रकाशात तो दिसतो का, हे बघायचं होतं. गोटीने साहेबांसमोर बोट ओलं केलं, गाल पुसला आणि बोट दाखवून म्हणाली, "काका, हे बघा, जातंय." ज्याचा मार खरा असतो त्या पोराचा वण थुंकीने जात नाही, महोदया. एवढं आपल्या कार्यालयात कुणाला तरी माहीत असायला हवं. मला तर वाटतं, साहेबांना सगळ्यांत आधी तेच माहीत असायला हवं.

"घरात औषधे नाहीत." दारुड्याच्या घरात नाहीतच. वरच्या घरात आहेत. गोटीला दमा आहे. तिचा एक पंप माझ्या उशाशी असतो, एक मावशींच्या मशीनच्या खणात, एक टेम्पोत आणि एक तिच्या दप्तरात. टेम्पोतला कुठला हे ड्रायव्हरला झोपेत विचारलं तरी सांगेल. साहेबांनी हे विचारलं नाही आणि मला विचारीन तेवढंच बोलायचं होतं.

५. आपण म्हणाल, मग हसत काय बसलात, तिथल्या तिथे सांगायचं. कोर्टातल्या न्यायाधीश बाईही माझ्या वकिलाला हेच म्हणाल्या. माझं म्हणणं असं, की मी सांगत होतो तेव्हा ऐकायचं नव्हतं, आणि नंतर ऐकायचं होतं तेव्हा अहवाल टाइप झाला होता. जो माणूस तीन भिंतींच्या घरात बसून, फ्रिजमधल्या बाईला मान हलवून, एकदाही "हे काय आहे" असं विचारत नाही, त्याला मी काय सांगणार? त्या दुपारी मी हसलो. साहेब गेल्यावर मावशी हसल्या, ड्रायव्हर हसला, गोटी तर कोटांच्या ढिगावर पडून हसली. त्या हसण्याबद्दल मी माफी मागणार नाही. आमच्याकडे हसायला बंदी नाही, आणि हाही मुलगी वाढवण्याचा एक चांगला मुद्दा आहे असं मी समजतो. अहवालात त्याला रकाना नाही.

६. मग आपली शिफारस आली. एक तारखेपासून मुलगी वडिलांकडे. त्याआधी सवय व्हावी म्हणून शनिवार-रविवार तिथे राहणं.

तो कागद मी टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून वाचला. नंतर गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, निघायचं ना?" मी म्हणालो, "तू उतर, चालवतो मी." तो म्हणाला, "मामा, तुम्ही डावीकडच्या सीटवर बसलाय." एवढं लिहितो. बाकी आपण समजून घ्या.

शनिवारी गोटीची बॅग मावशींनी भरली. पंप वरच्या कप्प्यात ठेवला, बाहेरून हात घालून पटकन सापडेल असा. भावोजी स्वतः न्यायला आले होते. हातात मोठा फुगा होता. दहा वर्षांच्या मुलीला फुगा. पण गोटीने तो घेतला, मनगटाला बांधून घेतला आणि गेली. ती अशीच आहे. समोरचा चुकला तर चूक अंगावर घेऊन मोकळी होते.

७. रविवारी संध्याकाळी परत आली. जेवली, आंघोळ केली, मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मग मला म्हणाली, "मामा, खिडकीची कडी बदलायला लागेल."

मी म्हणालो, "कुठल्या खिडकीची?"

"आपल्या. निळ्या."

मी म्हणालो, "निळी खिडकी बाहेर गेलीय. जाहिरातीच्या शूटिंगला."

ती म्हणाली, "नाही. बाबांच्या घरी आहे."

महोदया, या शहरात लहान मुलीची खोली भाड्याने देणारं दुकान एकच आहे. ते माझं. गुलाबी पडद्यांचा पलंग, अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, कापसाचं अस्वल आणि एक निळी खिडकी असा तो संच आहे. बालनाट्यात परी येते तेव्हा तो लागतो. एक गृहस्थ, ज्यांच्याजवळ दोन फोन असतात आणि जे दोन्हींवर एकदम बोलतात, तो संच जाहिरातीचं शूटिंग म्हणून घेऊन गेले होते. मी काही विचारलं नव्हतं. जाहिरातीत मुलीची खोली लागतेच.

मी जागेवरून उठलो आणि आपला अहवाल दुसरा काढला. पहिल्यांदा वाचताना मी फक्त शेवटची ओळ वाचली होती. आता फोटो बघितले. माझंच सगळं सामान, माझ्याच रंगाचं, माझ्याकडे बघत होतं.

८. दुसऱ्या अहवालातले मुद्दे. इथेही वाक्यं साहेबांचीच.

"बालिकेसाठी स्वतंत्र, सुसज्ज खोली. वाचनसंस्कृती जोपासण्याकडे विशेष लक्ष." ते कपाट म्हणजे एक फळी आहे. तिच्यावर पुस्तकांच्या पाठी चिकटवलेल्या आहेत. त्या मी रंगवल्यात, आणि रंगवताना कंटाळा येतो म्हणून नावं मनाला येतील ती टाकलीत. आपल्याच अहवालाला जोडलेला फोटो क्रमांक तीन भिंगातून बघावा. डावीकडून 'डासांचा इतिहास, खंड नववा', 'झोपेत चालण्याची सोपी तंत्रं', 'शेजाऱ्याच्या कुत्र्याशी मैत्री', 'मेव्हण्याचे शंभर बहाणे'. शेवटचं जाड, हिरवं पुस्तक गोटीने रंगवलंय. तिचं अक्षर आहे. नाव, 'मी लाकूड आहे'. साहेबांनी या कपाटासमोर उभं राहून फोटो काढून घेतलाय.

"खोली हवेशीर. खिडकीतून हिरवळ व निळे आकाश दिसते. नैसर्गिक प्रकाश भरपूर." ही ती निळी खिडकी. आकाश मी रंगवलंय. झाडं सुताराच्या हातची आहेत, त्यामुळे जरा टेबलासारखी दिसतात. प्रकाश खिडकीमागच्या पत्र्याच्या पेटीतल्या दिव्याचा, बटण पलंगाच्या मागे आहे. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा समोरून सताड उघड्या असलेल्या गोदामात त्यांना हवा दिसली नाही, आणि इथे पत्र्याच्या पेटीत त्यांना हिरवळ दिसली. मी माणसांना फसवायचं सामान तीस वर्षं बनवतोय, पण इतका गुणी प्रेक्षक मला मिळाला नव्हता.

थोडक्यात सांगायचं तर आपल्या कार्यालयाने एक वाईट घर तपासलं आणि एक चांगलं. दोन्ही माझ्याच गोदामातली. वाईट घर बघून माझ्याकडून मुलगी काढून घेतली आणि चांगलं घर बघून दुसऱ्याला दिली. कारागीर म्हणून मला दोन्हीकडे शाबासकी मिळाली असं मी धरून चालतो. मामा म्हणून ही शाबासकी मी आपल्याला परत करतो.

९. आता कडीचं. हे मला गोटीने एकदम सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही मावशींकडून, काही कपडे वाळत घालताना.

शनिवारी ती त्या खोलीत पाय ठेवताच तिने सगळं ओळखलं. ओळखणारच, त्या अस्वलाचा डोळा तिने शिवलाय. पण बोलली नाही. भावोजी मागे उभे राहून विचारत होते, "आवडली का खोली? आवडली का?" ती म्हणाली, "खूप छान आहे बाबा." वाचायला म्हणून कपाटाकडे गेली नाही, कारण हात लावला असता तर पितळ उघडं पडलं असतं.

रविवारी दुपारी तिला धाप लागली. पलंगाचे पडदे जुने आहेत, आम्ही ते झटकून घेतल्याशिवाय वापरत नाही, हे भावोजींना कोण सांगणार. ती धापा टाकायला लागली तसे भावोजी घाबरले आणि धावले खिडकी उघडायला. स्वतःच भाड्याने आणून लावलेली खिडकी, पण त्या क्षणी ते विसरले. कडी जोरात ओढली. ती तुटून हातात आली. खिडकी हलली नाही. मागे भिंत आणि दिवा. ते कडी हातात धरून तसेच उभे राहिले.

गोटीने स्वतःच्या बॅगेतून पंप काढला, दोनदा ओढला, श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "असू दे बाबा. ती तशीच असते. उघडत नाही."

महोदया, मला इथे भावोजींवर हसायचं होतं. अर्ज लिहायला बसलो तेव्हा हा परिच्छेद सगळ्यांत मजेशीर होईल अशी माझी खात्री होती. जमत नाहीये.

१०. सोमवारी मी भावोजींना फोन केला. म्हणालो, "भावोजी, खोली सुंदर आहे. कुणी लावून दिली?" ते म्हणाले, "वकिलांच्या ओळखीचा एक माणूस आहे." मी म्हणालो, "तो माझ्या दुकानातून नेतो." मग त्यांनी विचारलं, "गोटीला कळलं?"

"आल्या आल्या."

"मग बोलली का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ते म्हणाले, "वकील म्हणाले होते, साहेबांना मुलीची खोली दिसली पाहिजे. मला कळेना मुलीच्या खोलीत काय काय असतं. मी दुकानात गेलो होतो, मामा. दोनदा गेलो. दोनदा नुसताच परत आलो." मग म्हणाले, "आता मागे हटलो तर भेटायलाही मिळणार नाही, असं वकील म्हणतात."

मी म्हणालो, "वकिलाला म्हणावं, त्या कपाटातलं एखादं पुस्तक काढून वाच."

तर भावोजी वाईट माणूस नाहीत. मुलीच्या खोलीत काय असतं हे माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण हे माहीत नसलेल्या माणसाकडे दमेकरी मुलगी एक तारखेपासून कायमची पाठवायची, आणि ज्या चार जागी पंप ठेवलेत तिथून तिला काढायची, ही शिफारस ज्याने केली त्याला काहीच माहीत नाही. भावोजींना निदान कळलं तरी. कडी त्यांच्या हातात आली. आपल्या कार्यालयाच्या हातात अजून काही आलेलं नाही, म्हणून गोटीने बॅगेतून आणलेली ती कडी या अर्जासोबत पाठवत आहे.

११. सबब खालीलप्रमाणे मागणी करतो. विनंती असं लिहिणार होतो, पण ड्रायव्हर म्हणाला, मागणीच लिहा.

(अ) पहिला अहवाल रद्द करावा, किंवा ज्या नाटक मंडळीचं ते घर आहे त्यांना द्यावा. त्यांना परीक्षण म्हणून छापता येईल.

(आ) आपण स्वतः माझ्या घरी यावं. साहेबांना आणायचं असेल तर आणावं, पण या वेळी आम्ही बोलू आणि ते ऐकतील. कोटांची रांग बाजूला सारली आहे, जिना दिसतो. वर तीन खोल्या आहेत आणि चारही भिंती आहेत, मी हाताने वाजवून दाखवीन. फ्रिज उघडावा. आत दूध, अंडी, भाजी, उरलेला भात आणि मावशींचं डोळ्यात घालायचं औषध आहे. मावशी बाहेर असतील. गोटीला खोलीच्या बाहेर न काढता विचारावं, आणि मला बाहेर काढून विचारावं. ती काय सांगेल ते मला माहीत नाही. ती जे सांगेल ते मला चालेल, फक्त ते साहेबांच्या अक्षरात नको, तिच्या शब्दांत लिहून घ्यावं.

(इ) परीची खोली येत्या शनिवारी सकाळी माझा टेम्पो परत आणणार आहे. एका शाळेच्या बालनाट्याला ती ठरलेली आहे आणि परी वाट बघत नाही. आपण त्या वेळी भावोजींच्या घरी हजर राहावं. पलंग, टेबल, कपाट आणि अस्वल जिना उतरून गेल्यावर जी खोली उरेल, ती तपासावी. तो खरा दुसरा अहवाल होईल.

(ई) तोवर गोटी कुठेही जाणार नाही. हुकूम आला तरी जाणार नाही. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहितो. माझ्या गोदामात तुरुंगाचे गज आहेत, मला त्यांची सवय आहे. पोलीस पाठवलेत तर त्यांना बसायला सिंहासनं काढीन आणि पाठ नसलेल्या फ्रिजमधून मावशी चहा देतील.

(उ) भावोजींना दर रविवारी मुलगी भेटावी. आमच्याकडे, त्यांच्याकडे, दोघं ठरवतील तिथे. यासाठी कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती आणि नाही. त्यांनी पहिल्यांदा मागितलं असतं तर मी त्यांच्या हातात पंप देऊन कसा दाबायचा ते दाखवलं असतं. येत्या रविवारी दाखवणार आहे. त्यांना स्क्रू पिळायला येतो का तेही बघणार आहे.

१२. एक शेवटचं. टेम्पोत काय काय चढवायचं ते मी काल ड्रायव्हरला सांगत होतो. गोटी पुठ्ठ्याच्या मुकुटाला सोनेरी कागद लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खिडकी नको आणूस."

मी म्हणालो, "अगं, परीला लागते. ती खिडकीतूनच येते."

"परी दारातून येईल. तुझे महाराज खिडकीतून आले, तर परी दारातून का नाही येणार?"

मी म्हणालो, "पण ती उघडत नाही, गोटे. काय उपयोग?"

ती म्हणाली, "सगळं काढल्यावर बाबांना त्या नुसत्या भिंतीकडे बघत बसावं लागेल."

तेव्हा शनिवारी सगळं सामान परत येईल, निळी खिडकी येणार नाही. सुताराने तिच्यासाठी नवी कडी करून ठेवली आहे, ती रविवारी भावोजी आणि गोटी मिळून बसवतील. उघडणार नाहीच, पण ओढली तर हातात यायची नाही. खिडकीच्या जागी परीसाठी काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. माझ्या दुकानातली एकूण एक वस्तू मी लोकांना देतो, फाटली-तुटली तरी कुरकुर करत नाही. या मुलीने पहिल्यांदाच एक वस्तू स्वतःहून देऊन टाकली आहे, आणि कुणाला काय हवं हे तिला आपल्या दोन्ही अहवालांपेक्षा नीट कळलेलं दिसतं. तिचा ताबा कुणाकडे असावा हे ठरवताना एवढं लक्षात घेतलंत तरी पुरे. मी ताबा सोडणार नाही.

आपला, नम्र राहण्याचा प्रयत्न केलेला,

(सही)
सामानवाले मामा
(शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून हेच लिहिलं आहे. शाळेची हरकत नाही.)

दिनांक : मंगळवार. शनिवारच्या आत उत्तर यावं.

सोबत :
१. दारुड्याच्या घराचा फोटो, उघड्या बाजूने काढलेला. टेम्पोत बसलेला ड्रायव्हर हा प्रेक्षक.
२. बाटली एक, चहासह. वास घेऊन बघावा.
३. आपल्याच फोटो क्रमांक तीनची मोठी प्रत, भिंगासह. भिंग परत करावं, ते गुप्तहेराच्या नाटकाचं आहे.
४. डॉक्टरांची चिठ्ठी, गोटीच्या दम्याची. ही खरी आहे.
५. निळ्या खिडकीची तुटलेली कडी. ही परत नको.